कुठलं बटण दाबायचं

८ जून

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोलायला मला कान उरले नाहीत हे तुला ठाऊकच आहे. उभा जन्म कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात गेला, आता डावा कान पार गेला आणि उजवा मनात येईल तेव्हा कामावर येतो. मोबाइलवर लिहायला बसलो तर एका अक्षराच्या जागी तीन उमटतात. त्यापेक्षा कागद बरा.

जावईबापू मागच्या आठवड्यात इकडे कामासाठी आले होते, ते एक काळं मशीन ठेवून गेले. म्हणाले, "बाबा, तुमच्या लेकीने लिहिलेला गेम आहे, एकदा खेळून बघा." मी म्हटलं, गेम लिहितात होय? मला वाटायचं नुसते खेळतात. खालच्या रेडिओवाल्याने वर येऊन ते टीव्हीला जोडून दिलं आणि ते दोन शिंगांचं खोकं हातात कसं धरायचं तेही दाखवलं.

खरं सांगू? मला ते मशीन घ्यायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आली नाहीस. "येता येत नाही बाबा, कामाची मुदत आहे," एवढी एक ओळ पाठवलीस. शेजारच्या काकूंनी महिनाभर माझ्या डोळ्यांत थेंब घातले. पोटची पोर असताना. तुझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर दोनदा आलीस ती पाहुण्यासारखी आलीस, पाणी प्यायलीस आणि गेलीस. मी काही बोललो नाही, पण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा म्हटलं, बापाच्या डोळ्यांपेक्षा मोठं असं कुठलं काम होतं, ते त्याच डोळ्यांनी बघावं.

अजून काही कळलेलं नाही. दरीवर तार बांधली आहे, त्यावरून पाळणा जातो आणि तो पाळणा चालवणारी बाई म्हणजे मी, एवढं समजलं. माणसं चढायच्या आधीच मी पाळणा दोनदा सोडून दिला. एक म्हातारा फलाटावर हात हलवत राहिला, त्याचं वाईट वाटलं.

तुझे,
बाबा


१६ जून

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. तुम्ही गेम खेळता आहात हे वाचून मला हसू आलं आणि मग बराच वेळ वर जाऊन कामाला बसवेना.

पाळणा सोडायच्या आधी खालचं बटण दाबून ठेवा, म्हणजे ती बाई मागे वळून बघते. सगळे बसले की मगच कळ ओढा. घाई करायची नाही. आमच्या गेममध्ये कोणी मागे लागलेलं नसतं आणि कोणाला मारायचंही नसतं. प्रत्येक फेरीला एक-दोन प्रवासी येतात, त्यांना पलीकडे पोचवायचं आणि वाटेत ते काय बोलतात ते ऐकायचं. तुमच्यासाठी खाली अक्षरं येतात, ती मोठी करायची सोय आहे. रेडिओवाल्या काकांना सांगा.

तुमच्या ऑपरेशनला मी नव्हते, ही गोष्ट खरी आहे. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

एक विनंती. सातवी फेरी आली की थांबा आणि मला कळवा. ती एकट्याने खेळण्यासारखी नाही. इथे सध्या त्याच फेरीवरून रोज वाद चालू आहेत. खेळणाऱ्यांच्या तक्रारींचा ढीग पडलाय आणि आमचे साहेब म्हणतात ती फेरी बदलायची. तुम्ही तोवर पहिल्या सहा सावकाश खेळा.

काकूंना नमस्कार सांगा. डोळे दुखले तर खेळू नका.

तुमची,
गोटी


४ जुलै

चि. गोटीस,
आशीर्वाद.

आता मी तरबेज झालोय. रेडिओवाला म्हणतो, तुमचा हात बसला. जन्मभर मागावरच्या धोट्यावर नजर ठेवली, एवढं जमायलाच हवं.

तुझे प्रवासी मला आवडले. तो मास्तर, जो रोज पलीकडे जायला निघतो आणि मधेच घरी काहीतरी विसरलं म्हणून परत फिरतो. त्या दोघी बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि सगळं पाळणेवालीच्या तोंडून बोलतात. आणि ती बादली घेऊन चढणारी बाई. चढल्यापासून तिची तोंडाची टकळी चालू. तार किती जुनी, बाकडं किती ओलं, पलीकडच्यांना पाणी तापवायची अक्कल नाही. मी काकूंना बोलावून दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ह्या तर आपल्या वहिनी." मग आम्ही दोघं खूप हसलो. ती उतरली तेव्हा मागे न बघता गेली. तुझी आई तशीच गेली असती, निरोपबिरोप न घेता, बादली सांभाळत. चांगलं लिहिलंयस तू. हे मी तुला आधी कधी म्हटलं नव्हतं.

आता पुढचं. तू थांबा म्हणालीस, मी थांबलो नाही.

सातव्या फेरीला कोणी चढतच नाही. फलाटावर नुसती शाल असते गुंडाळलेली. पाळणेवाली ती उचलते आणि आत एवढंसं मूल असतं. मुठीएवढं तोंड. मग खाली अक्षरं येतात, "दोन्ही बाजूंची बटणं दाबून धरा." मी धरली. हातातलं खोकं हलकेच थरथरायला लागलं. आधी वाटलं बिघडलं. मग कळलं, त्या पोराचा श्वास आहे तो. मला ऐकू येत नाही, पण हे तळहाताला कळत होतं. दरीच्या मध्यावर ते अंतराने यायला लागलं आणि मग थांबलं. मी तशीच बटणं धरून बसलो. बोटं दुखायला लागली तरी.

त्यानंतर मी ती फेरी कितीदा खेळलो ते विचारू नकोस. पाळणा जोरात नेला. हळू नेला. परत फिरवला. सगळी बटणं एकदम दाबली. एकदा शाल सोडून दिली, तर त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा हिंमत झाली नाही. रेडिओवाल्यालाही जमलं नाही. तेव्हा आता तूच सांग, कुठलं बटण दाबायचं. गेम आहे म्हटल्यावर कुठेतरी असणारच. तक्रार करणाऱ्यांचं बरोबर आहे. पुस्तकात कोणी गेलं तर ते लिहिणाऱ्याने मारलेलं असतं, आपण हळहळतो आणि पान उलटतो. इथे ते माझ्या हातात होतं. माझ्या हातून गेलं.

हा दुष्टपणा आहे, गोटी. रागावू नकोस, पण तुला मूल नाही म्हणून तुला असं लिहिता आलं. ज्याने पोर वाढवलंय त्याच्या हातून हे लिहून झालं नसतं. तुमच्या साहेबांचं ऐक आणि ते बदल.

तुझे,
बाबा


१३ जुलै

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र पोचलं.

कुठलंही बटण नाही. ते मूल वाचत नाही. पाळणेवाली फक्त धरून बसू शकते, तेवढंच तिच्या हातात ठेवलेलं आहे.

तुमच्या मनासारखं होईल असं दिसतंय. साहेबांनी कालच सांगितलं की डोंगरावरचे सगळे कंदील जो गोळा करील त्याचं मूल वाचेल, असा नवा शेवट करायचा आणि तो मीच लिहायचा. कदाचित तुम्ही सगळे म्हणता तेच बरोबर असेल.

कामाची गडबड आहे. काळजी घ्या.

गोटी


२५ जुलै

चि. गोटीस,

तुझं पत्र आलं. एवढंसं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मी काहीतरी वेडंवाकडं लिहून बसलो हे कळलं, पण काय ते कळेना. म्हणून पुन्हा मशीन लावलं.

आतापर्यंत मी मूल गेलं की लगेच बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. पलीकडे काय होतं ते कधी बघितलंच नव्हतं. या वेळी बंद केलं नाही. पाळणा पलीकडे लागला. एप्रन घातलेला माणूस आला, त्याने हात पुढे केले. पाळणेवालीने शाल दिली. त्याने विचारलं, "नाव?" ती म्हणाली, "अजून ठेवलं नव्हतं." मग ती रिकामा पाळणा घेऊन परत आली. इकडे फलाटावर लोक खोळंबले होते. एक म्हातारा, डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला, तो म्हणाला, "किती वेळ, बाई?" आणि ती त्याला म्हणाली, "येता आलं नाही. कामाची मुदत होती."

हे वाक्य मला पाठ आहे. दोन वर्षं मी ते चघळतोय.

मी मशीन बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. काकू काहीतरी विचारत होत्या, त्यांच्या ओठांकडे बघूनही मला काही कळेना.

गोटी, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू कुठे होतीस?

बाबा


१ ऑगस्ट

ती. बाबांना,

हॉस्पिटलात होते.

मुलगी होती, बाबा. सहावा महिना संपत आला होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण मला येऊन सांगायचं होतं. तुमच्या डोळ्याची पट्टी काढतील तेव्हा मी समोर उभी राहणार होते, पोट पुढे काढून. आधी दिसते का बघू, मग ओळखतात का बघू, असं मी यांना म्हणायचे. तिकीटही काढलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुखायला लागलं.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. एवढ्याशा पेटीला केवढ्या नळ्या. हे बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून पेटीशेजारी उभे होते आणि दर थोड्या वेळाने डॉक्टरांना विचारत होते, "आम्ही काय करायचं?" डॉक्टर चांगले होते. ते प्रत्येक वेळी म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही." दुपारी नर्सने नळ्या काढल्या आणि तिला माझ्याकडे दिलं. म्हणाली, "धरून बसा." मी धरून बसले. तिने माझं बोट धरलं होतं. पकड चांगली होती. मग ढिली झाली.

तुम्हाला ती ओळ मी तिथूनच पाठवली. दुसरं काही सुचलं नाही. आईनंतर तुम्ही नुकते कुठे दोन घास जेवायला लागला होतात. काकूंनी कळवलं होतं की बाबा काल हसले. मला वाटलं, हे आत्ता सांगितलं तर पुन्हा ताटावरून उठून जातील. डोळा बरा झाल्यावर सांगू म्हटलं. मग तुम्ही अबोला धरलात आणि मला ते सोपं गेलं. रागावलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही.

ती फेरी मी कामावर परतल्यावर लिहिली. सगळ्यांना वाटतं मी कल्पनेने लिहिली. गेममधल्या माणसांच्या हातापायांची हालचाल चितारणारी आमच्याकडे एक मुलगी आहे, तिने विचारलं, "बोट धरताना अंगठा आत दुमडतो हे तुला कसं माहीत?" मी म्हटलं, कुठेतरी वाचलं होतं. मला ती गोष्ट कोणाला सांगायची नव्हती, बाबा. पण कोणीतरी ती धरून बघावी असं वाटत होतं. सांगून ते होत नाही. हातात द्यावं लागतं.

आता साहेब म्हणतात, लोकांना फसवल्यासारखं वाटतं, त्यांना मार्ग द्या. मी रोज कागद पुढे घेते. "मूल डोळे उघडतं," एवढं लिहिते आणि उठते.

तुमच्या त्या वाक्याचा राग आला नाही. पण ते पत्र मी बरेच दिवस पर्समध्ये घेऊन हिंडत होते.

गोटी


६ ऑगस्ट

गोटी,

मी टपालात टाकलेलं परत काढता येत नाही. आलं असतं तर पेटी फोडून काढलं असतं.

कोणासारखी होती गं?

तो नवा शेवट लिहू नकोस असं मी तुला सांगायला हवं, हे मला कळतं. कागदावर ते दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. माझ्याने होत नाही. मी अजूनही बटण शोधतोच आहे.

गुरुवारच्या गाडीने येतो. काकू डबा बांधून देणार आहेत, तू चुलीशी उभी राहू नकोस. जावईबापूंना स्टेशनवर पाठवू नकोस, मी विचारत विचारत येईन. ऐकू येत नाही पण विचारता येतं.

बाबा


३ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न.

पोचल्याचं काकूंनी कळवलं.

तुम्ही होतात तेवढे दिवस घर वेगळं होतं. आपण फारसं काही बोललो नाही, हे काल आमच्या दोघांच्या लक्षात आलं. तुम्ही सकाळी खिडकीशी बसायचात, मी तुमच्या शेजारी बसायचे. त्या दिवशी तुम्ही यांना विचारलंत, "तुम्ही तिला घेतलं होतं का?" आणि हे नाही म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं, बाबा. मला वाटत होतं त्यांनीही घेतलं होतं. दोन वर्षं मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही त्यांना घेऊन फिरायला गेलात आणि दोघं अंधार पडायच्या बेतात परत आलात, तेव्हा यांचे डोळे सुजले होते. काय बोललात ते ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. पण ते आता झोपेत दात खात नाहीत.

"कोणासारखी होती" याचं उत्तर मी तुम्हाला तोंडावर देऊ शकले नाही. तिच्या कानाच्या पाळ्या आईसारख्या होत्या, चिकटलेल्या. बाकी अजून काही ठरलेलं नव्हतं.

ऑफिसात मी नाही म्हणून सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तुझा प्रसंग काढत नाही, पण कंदिलांचा मार्ग ठेवावाच लागेल." तो आता दुसरा एकजण लिहितोय. सालस पोरगा आहे, मला येऊन विचारत होता, "मूल वाचल्यावर काय करील?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. मला दुसऱ्या गेमचं काम दिलंय, त्यात सगळी जनावरं आहेत, बरं चाललंय.

थंडीच्या सुरुवातीला तो बदल येईल. तेव्हा मशीन तुम्हाला विचारील, नवीन भाग घेऊ का म्हणून. तुम्ही नको म्हणा. मी तो बघणार नाही. इथे बाकीचे बघत असले की मी चहाच्या खोलीत जाऊन बसते.

तुमची,
गोटी


१२ नोव्हेंबर

चि. गोटीस,
आशीर्वाद.

मशीनने विचारलं. मी हो म्हटलं.

तू नको म्हणाली होतीस आणि मी तसं करणारही होतो. पण बोट "हो"वर गेलं. मग कंदील गोळा करत बसलो. डोंगरावर कुठे कुठे लपवलेत, त्या मास्तराच्या घरामागे, तारेच्या खांबावर. रेडिओवाला म्हणाला, मी करून देतो पटापट. मी त्याला हात लावू दिला नाही. काकू येऊन बघून जायच्या. मी त्यांना सगळं सांगितलंय. तुला चालेल ना? एवढं मोठं एकट्याला धरवेना.

शेवटचा कंदील मिळाला आणि सातवी फेरी लागली. दोन्ही बटणं धरली. मध्यावर श्वास अडखळला, नेहमीसारखा. आणि थांबला नाही. तळहाताला लागतच राहिला. पाळणा पलीकडे गेला तोवर दिवस उजाडला होता, आणि शालीतून ती खाली उतरली. त्यांनी तिला वाटेतच मोठं केलंय. वर्ष-दीड वर्षाची असेल. फलाटावर चालत गेली.

हे खोटं आहे, गोटी. ज्याने लिहिलंय त्याने ते काही वाईट लिहिलेलं नाही, पण खोटं आहे, हे मला बघतानाच कळत होतं. तुझी फेरी खरी आहे. त्यात मूल गेलं तेव्हा मला रडू आलं होतं, पण ही चालायला लागली तेव्हा मला काय झालं ते सांगता येणार नाही. काकूंनी येऊन टीव्ही बंद केला.

तुला सांगू की नको यावर बरेच दिवस गेले. तू बघ असं मी म्हणत नाही. बघूच नकोस. पण आपल्या दोघांत पुन्हा काही झाकलेलं राहू नये. म्हणून एवढंच कळवतो, की तिला चालताना मी बघितलं आहे.

तुझे,
बाबा


१९ नोव्हेंबर

ती. बाबांना,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य मला वाचता आलं नाही, ते त्यांनी वाचलं.

काकूंना सांगितलंत ते बरं केलंत.

मी बघणार नाही. पण बाबा, तिला कपडे कोणते घातलेत?

गोटी


२३ नोव्हेंबर

चि. गोटीस,

पिवळा फ्रॉक आहे. सुती असावा, मऊ धुतलेला वाटतो. तिला जरा मोठा होतोय, एका खांद्यावरून सारखा घसरतो आणि ती चालता चालता तो वर ओढते. पायात काही नाही. केस कानामागे बसवलेत, त्यामुळे कान दिसतात. पण ते कोणाचेच नाहीत, नुसते काढलेले आहेत.

थोडी चालून ती थांबते आणि पाळण्याकडे वळून बघते. मग पुढे जाते.

बाबा